निवडणूक : मतदार यादीपासून निकालापर्यंत

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



राज्यशास्त्राच्या तासाला दर वर्षी एक प्रश्न हटकून येतो. "सर, आमदार मोठा की खासदार?" मुलांचे सोडा, हाच प्रश्न पालकसभेच्या वेळी व्हरांड्यात पालकांनीही मला विचारलेला आहे. दोघांपैकी कोणी कोणाचा साहेब नाही, दोघांची सभागृहे वेगळी व कामे वेगळी, हे त्याचे उत्तर. परंतु ते एवढ्यावर संपत नाही. आपण मत कशासाठी देतो, ते कोणाच्या हिशेबात जाते, आणि मुळात आपले नाव यादीत आहे की नाही, इथपर्यंत ते जाऊन पोहोचते. म्हणून आज आपल्यापुढे बोलण्यासाठी मी हाच विषय घेतला आहे. कोणत्याही पक्षाबद्दल मी बोलणार नाही. शिक्षकाने ते करू नये आणि मला ते आवडतही नाही.

प्रथम थोडे अंकगणित. महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ जागा आहेत. लोकसभेच्या ५४३ जागांपैकी ४८ आपल्या वाट्याला आहेत. विद्यार्थ्यांनी २८८ ला ४८ ने भागावे, उत्तर ६ येईल. म्हणजे विधानसभेचे सहा मतदारसंघ मिळून लोकसभेचा एक मतदारसंघ होतो. राज्य झाल्यानंतर १९६२ साली पहिली निवडणूक झाली तेव्हा विधानसभेच्या जागा २६४ होत्या, पुढे २७० झाल्या आणि १९७८ पासून २८८ आहेत. सीमा मात्र बदलत असतात. २००८ साली झालेल्या फेररचनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसभेपुरती वाटणीच झाली. दापोली आणि गुहागर हे मतदारसंघ पेण, अलिबाग, श्रीवर्धन, महाड यांच्याबरोबर रायगडात गेले. चिपळूण, रत्नागिरी, राजापूर हे कणकवली, कुडाळ, सावंतवाडीबरोबर राहिले. तेव्हा दापोलीचा माणूस जिल्ह्याच्या कामाला रत्नागिरीस जातो आणि खासदार मात्र रायगडचा निवडतो. "आमचा खासदार कोण?" या प्रश्नावर दापोलीच्या एस. टी. स्टँडवर उभ्या असलेल्या दहा माणसांत एकमत होणार नाही, असे मी गमतीने म्हणतो ते यामुळेच.

विधानसभेच्या २८८ पैकी २९ जागा अनुसूचित जातींसाठी व २५ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. लोकसभेच्या ४८ पैकी अनुक्रमे ५ व ४. राखीव म्हणजे तेथे उमेदवार त्या वर्गातला असावा लागतो. मत मात्र त्या मतदारसंघातले सर्वजण देतात. पुष्कळांचा येथे गैरसमज असतो म्हणून मुद्दाम सांगितले.

आता कामाचे. पासपोर्ट, रेल्वे, टपाल, परराष्ट्र व्यवहार, हजची व्यवस्था ही केंद्राची बाजू. पोलीस, सरकारी दवाखाने, जमीन, पाणी, एस. टी. ही राज्याची. शिक्षण हा विषय १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने दोघांच्या सामाईक यादीत गेला. तरीसुद्धा आपल्यासारख्या शाळेचे अनुदान, तुकडीची मान्यता, शिक्षकाची मान्यता या गोष्टी राज्य शासनाकडेच असतात. वर्गखोलीचे छप्पर गळते म्हणून खासदाराकडे अर्ज घेऊन जाणारे आणि रेल्वेच्या थांब्यासाठी आमदाराला घेराव घालणारे लोक मी पाहिले आहेत. ते दोघेही "बघतो" म्हणतात आणि माणूस समाधानाने घरी जातो.

लोकसभा व विधानसभा दोहोंची मुदत पाच वर्षे, पण घड्याळे वेगळी. १९६२ आणि १९६७ ला आपल्याकडे दोन्ही निवडणुका बरोबरच झाल्या. मग १९७० च्या डिसेंबरमध्ये लोकसभा मुदतीआधी विसर्जित झाली आणि जोडी तुटली. १९९९ ला ती पुन्हा एकदा जुळली. २०२४ साली आपण लोकसभेसाठी एप्रिल-मेमध्ये पाच टप्प्यांत मत दिले आणि विधानसभेसाठी २० नोव्हेंबरला एकाच दिवशी. दोन्ही वेळा निवडणूक घेणारी संस्था एकच, ती म्हणजे भारत निवडणूक आयोग. ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा परिषद यांच्या निवडणुका घेणारा राज्य निवडणूक आयोग हा वेगळा. यादी मात्र तोही विधानसभेचीच वापरतो, प्रभागवार फोडून.

येथे मला थोडे मागे जावेसे वाटते, कारण आजच्या मुलांना मताचा हक्क हवा-पाण्यासारखा आयता वाटतो.

१९३५ च्या कायद्याखाली मत देण्यासाठी मिळकत, कर किंवा शिक्षण यांपैकी काहीतरी अंगावर असावे लागे. खाडीवरच्या मच्छीमाराला, होडीवरच्या खलाशाला, शेतमजुराला मत नव्हते. ज्यांना होते त्यांच्यातही मुसलमानांची यादी वेगळी असे. १९०९ च्या सुधारणांपासून ही विभक्त मतदारसंघांची पद्धत चालत आली. मुस्लिम मतदाराने मुस्लिम जागेसाठी मुस्लिम उमेदवाराला मत द्यायचे, शेजारच्या हिंदू कुळाने त्याच्या जागेसाठी. एकाच गावातले दोन शेजारी, पण एकाने दुसऱ्याच्या दारात मत मागायला जाण्याचे कारणच नव्हते. १९४६ च्या निवडणुका या पद्धतीच्या शेवटच्या. राज्यघटनेने दोन कलमांत हे सारे निकालात काढले. कलम ३२५ सांगते की प्रत्येक मतदारसंघाची यादी एकच असेल आणि धर्म, वंश, जात किंवा लिंग यांच्या कारणाने कोणालाही तीतून वगळता येणार नाही. कलम ३२६ प्रत्येक प्रौढ नागरिकाला मत देते. प्रौढ म्हणजे तेव्हा २१ वर्षांचा. ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून १८ वर्षांचा.

संयुक्त यादीत आपला टिकाव लागेल का, अशी शंका त्या काळी अनेक बुजुर्गांना होती. आपल्याच कोकणातले उदाहरण घ्या. आंबेतचे बॅ. अब्दुल रहमान अंतुले १९६२ पासून श्रीवर्धनमधून विधानसभेवर निवडून येत राहिले, १९८० ते ८२ राज्याचे मुख्यमंत्री होते, पुढे लोकसभेतही गेले. श्रीवर्धनात मुस्लिम मतदार बहुसंख्य कधीच नव्हते. त्यांच्या राजकारणाविषयी आपली मते भिन्न असू शकतील. मी फक्त यादीचा गुण सांगतो आहे.

पहिली सार्वत्रिक निवडणूक ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ अशी चालली. सुकुमार सेन हे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त. मतदार सुमारे १७ कोटी ३० लाख, त्यांतले बहुसंख्य निरक्षर. म्हणून पक्षांना चित्रांची चिन्हे दिली आणि प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवली. मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकली की झाले. या निवडणुकीतली एक हकिकत पालक भगिनींनी नीट ऐकावी. यादी करणारे कर्मचारी दारोदार गेले तेव्हा उत्तर हिंदुस्थानातल्या पुष्कळ स्त्रियांनी आपले नाव सांगितलेच नाही. "अमक्याची बायको", "तमक्याची आई" एवढेच सांगितले. आयोगाने ठरवले की मतदाराला स्वतःचे नाव पाहिजे. मुदत वाढवून दिली, तरीही सुमारे ८ कोटी स्त्री मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख स्त्रियांची नावे गाळावी लागली. त्यावेळी सुकुमार सेन यांच्यावर टीका झाली. माझ्या मते त्यांनी केले ते बरोबर केले. पुढच्या निवडणुकीला त्यांतल्या पुष्कळजणी स्वतःच्या नावाने यादीत आल्या.

हे सारे इतक्या विस्ताराने सांगण्याचे कारण असे की नावाचा घोळ अजून संपलेला नाही. त्याचे रूप बदलले आहे इतकेच.

शिक्षकाला निवडणुकीचे काम लागते हे आपणांस माहीत आहेच. मतदान केंद्रावर अधिकारी म्हणून बसलो असताना एक प्रौढ बाई ओळखपत्र हातात घेऊन आल्या. छायाचित्र त्यांचेच, पत्ता तोच. यादीत नाव नव्हते. मागच्या वेळी मत दिले होते, असे त्या पुनःपुन्हा सांगत होत्या. पण ओळखपत्र ही ओळख आहे, हक्क यादीतल्या नावाने मिळतो. यादीत नाव असेल आणि ओळखपत्र हरवले असेल तर आधार कार्ड, पासपोर्ट, वाहन परवाना, पॅन कार्ड, छायाचित्र असलेले बँकेचे पासबुक यांपैकी काहीही चालते. उलट, ओळखपत्र आहे आणि नाव नाही, तर केंद्राध्यक्षाच्या हाती काहीच उरत नाही. त्या बाईंना रांगेतून परत जावे लागले. सकाळचे साडेआठ वाजले होते, त्या बहुधा घरातले आटोपून मुद्दाम लवकर आल्या असाव्यात.

नावे का जातात? माझ्या अनुभवात चार-पाच कारणे वारंवार दिसतात. मुलीचे लग्न झाले की माहेरच्या यादीतून नाव कमी होते, पण सासरच्या यादीत घालायचे राहून जाते. सासरच्यांना वाटते माहेरचे करतील, माहेरच्यांना वाटते सासरचे. निकाहनाम्याची प्रत जपून ठेवणारी घरे अर्ज क्रमांक ८ कधी भरत नाहीत. घर बदलणे, नावात दुरुस्ती, ओळखपत्राची दुसरी प्रत, या सगळ्यांसाठी हाच अर्ज आहे. नव्याने नाव घालायचे तर अर्ज क्रमांक ६, नाव वगळायचे किंवा एखाद्या नावावर हरकत घ्यायची तर ७.

दुसरे कारण आपल्या नावांच्या लिखाणाचे. एकच माणूस रेशनकार्डावर महंमद, शाळेच्या दाखल्यावर मोहम्मद, पासपोर्टावर मुहम्मद. इंग्रजीतल्या संक्षिप्त रूपाचे मराठी करताना "मोहद" झालेलाही मी पाहिला आहे. शेखचा शेक होतो, फातिमाची फतिमा होते, वडिलांचे नाव आडनावाच्या जागी जाते. मतदानाच्या दिवशी एखाद्या अक्षरावरून कोणाला परत पाठवीत नाहीत. ओळख पटली की किरकोळ चुका सोडून द्याव्यात अशाच सूचना असतात. परंतु याद्यांची कसून तपासणी निघते तेव्हा हीच अक्षरे आडवी येतात. २०२५ साली बिहारमध्ये यादीचे विशेष सखोल पुनरीक्षण झाले. आधीच्या यादीत सुमारे ७ कोटी ८९ लाख नावे होती, ३० सप्टेंबरच्या अंतिम यादीत सुमारे ७ कोटी ४२ लाख राहिली. गाळलेल्यांत मयत होते, कायमचे बाहेर गेलेले होते, दोनदा नोंदलेले होते. ज्यांचे नाव चुकीने गेले असा दावा होता त्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. प्रारूप यादीतून वगळलेल्या सुमारे ६५ लाख नावांची यादी कारणांसह प्रसिद्ध करावी, असा आदेश न्यायालयाने त्या वर्षी ऑगस्टमध्ये दिला. यावरून आपण घ्यायचे ते इतकेच की मुलाचा जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि आधार कार्ड यांत नाव एकाच पद्धतीने लिहिलेले असावे. पहिलीत प्रवेश घेताना पालकांना आम्ही शुद्धलेखनावरून त्रास देतो असे त्यांना वाटते. तो त्रास आता सहन करावा.

तिसरे, मुंबईची खोली आणि गावचे घर. कोकणी माणसाला दोन्ही प्रिय. कायद्याने मात्र नाव एकाच ठिकाणी ठेवता येते, जेथे तो सर्वसाधारणपणे राहतो तेथे. दोन्हीकडे नाव ठेवून "जेथे जमेल तेथे" मत देऊ, असे काहीजण हौसेने सांगतात. खोटे निवेदन करून नाव घालणे हा एक वर्षापर्यंत कैदेचा गुन्हा आहे, हे त्यांच्या कानावर घालावे. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र निवड आहे : घरच्या पत्त्यावर किंवा वसतिगृहाच्या पत्त्यावर, कोठेही एका ठिकाणी.

चौथे, आखातातली मंडळी. दुबई, कुवेत, दोहा येथे नोकरी करणाऱ्या आपल्या मुलांना मत नाही, असे अजून कित्येक घरांत समजले जाते. २०१० च्या दुरुस्तीने भारतीय पासपोर्ट बाळगणाऱ्या व तेथील नागरिकत्व न घेतलेल्या माणसाला पासपोर्टवरच्या गावच्या पत्त्यावर नाव नोंदवता येते. अर्ज क्रमांक ६-अ. मत मात्र प्रत्यक्ष येऊन, पासपोर्ट दाखवूनच द्यावे लागते. नोकरीतली रजा आणि मतदानाची तारीख जुळणे कठीण, हे मला कळते. तरी नाव असावे.

आणि पाचवे कारण आळस. याबद्दल काय बोलावे!

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक सोय झाली आहे. पूर्वी १ जानेवारीला १८ वर्षे पूर्ण झालेली असतील तरच त्या वर्षी नाव येई. २ जानेवारीला जन्मलेल्याचे वर्ष फुकट जायचे. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरतात. १७ वर्षे पूर्ण झाली की आगाऊ अर्जही देता येतो. अर्ज भ्रमणध्वनीवरून भरता येतो, नाही जमले तर आपल्या भागातल्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे द्यावा. चौकशीसाठी १९५० हा क्रमांक आहे. उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली की यादीला हात लावता येत नाही, म्हणून प्रचाराची गाडी दारात आल्यावर धावपळ करू नये.

उमेदवारीचा भाग थोडक्यात सांगतो. वय किमान २५. अनामत रक्कम लोकसभेला २५ हजार, विधानसभेला १० हजार, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारास निम्मी. वैध मतांच्या एकषष्ठांशाहून अधिक मते न मिळाल्यास ती जप्त होते. उमेदवाराला आपली मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि फौजदारी खटले यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, आणि ते कोणालाही पाहता येते. मुलीसाठी स्थळ आले तर आपण तीन गावांत चौकशी करतो. हे प्रतिज्ञापत्र वाचायला दहा मिनिटे लागतात. खर्चाची मर्यादा २०२२ साली आपल्यासारख्या मोठ्या राज्यांसाठी लोकसभेला ९५ लाख व विधानसभेला ४० लाख अशी ठरली. मतासाठी पैसे देणारा जसा गुन्हेगार, तसाच घेणाराही.

धर्माच्या नावाने मत मागणे हे लोकप्रतिनिधित्व कायद्यात भ्रष्टाचारी कृत्य आहे. या संबंधातला एक महत्त्वाचा खटला आपल्या मुंबईतलाच. १९९० च्या विधानसभा निवडणुकीत सांताक्रूझ मतदारसंघाचा निकाल न्यायालयात गेला. तो प्रश्न वाढत वाढत सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांपुढे आला आणि २ जानेवारी २०१७ रोजी निर्णय झाला. चार विरुद्ध तीन अशा बहुमताने न्यायालयाने म्हटले की केवळ उमेदवाराच्या धर्माचा नव्हे, मतदाराच्या धर्माचा हवाला देऊन मत मागणेही या कलमाखाली येते. हे सगळ्यांना लागू आहे. आपल्या मोहल्ल्यात येऊन "आपल्या माणसाला" म्हणणाऱ्यालाही आणि शेजारच्या आळीत जाऊन आपली भीती घालणाऱ्यालाही.

आता मतदानाचा दिवस. आमचे पथक आदल्या दिवशी साहित्य घेऊन केंद्रावर पोहोचते व रात्री तेथेच पथारी पसरते. सकाळी मतदानाच्या दीड तास आधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर यंत्रावर किमान ५० मतांचे चाचणी मतदान घेतात, मोजून दाखवतात आणि पुसून टाकतात. मग मोहोरबंद करतात. आपण आत आलात की पहिला अधिकारी आपले नाव मोठ्याने वाचतो. का? प्रतिनिधींना ऐकू यावे आणि तोतया असेल तर हरकत घेता यावी म्हणून. दुसरा डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावतो, सही किंवा अंगठा घेतो व चिठ्ठी देतो. ही न पुसणारी शाई १९६२ पासून म्हैसूरच्या सरकारी कारखान्यातून येते. तिसरा चिठ्ठी घेऊन यंत्र सुरू करतो. आपण आडोशामागे बटण दाबले की लांब आवाज येतो आणि शेजारच्या काचेत चिन्हाची छापील चिठ्ठी सात सेकंद दिसते. ती पाहावी. पुष्कळजण घाईने निघून येतात. कोणीच पसंत नसेल तर "वरीलपैकी कोणीही नाही" हे बटण २०१३ पासून आहे.

बुरखा घेणाऱ्या भगिनींना काहीवेळा संकोच वाटतो की चेहरा सर्वांसमोर दाखवावा लागेल. त्यांच्यासाठी महिला अधिकाऱ्याने आडोशाला, मर्यादा सांभाळून ओळख पटवावी अशी आयोगाची सूचना आहे. केंद्राध्यक्षांना तसे स्पष्ट सांगावे. आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेला असेल तर भांडत बसू नये आणि परतही फिरू नये. ओळख पटवून प्रदत्त मतपत्रिका मागावी, ती कागदावर मिळते व वेगळ्या पाकिटात ठेवतात. संध्याकाळी सहाला जे रांगेत असतील त्यांना मत देता येते. केंद्राध्यक्ष शेवटच्या माणसापासून पुढे चिठ्ठ्या वाटत येतात, जेणेकरून मागून कोणी घुसू नये. कामगार बंधूंसाठी त्या दिवशी भरपगारी रजेची तरतूद कायद्यातच आहे, ती मालकाची मेहेरबानी नव्हे. ८५ वर्षांवरील वृद्धांना व ४० टक्के अपंगत्व असलेल्यांना आधी अर्ज केल्यास घरून मत देता येते.

"सर, मी कोणाला मत दिले ते कळते का?" हा प्रश्न बायका हळू आवाजात विचारतात. नाही, कळत नाही. यंत्रात नाव जात नाही. परंतु एक गोष्ट पूर्ण खरी सांगितली पाहिजे. मोजणी केंद्रवार होते, त्यामुळे अमुक केंद्रावर अमुक उमेदवाराला किती मते, हे जाहीर असते. एका माणसाचे मत गुप्त राहते, एका मोहल्ल्याचे राहत नाही. वर्षानुवर्षे सगळा मोहल्ला एकाच बाजूला गेला तर एका पक्षाला येण्याची गरज वाटत नाही आणि दुसऱ्याला येण्यात अर्थ वाटत नाही. मतदानाच्या आदल्या रात्री बैठक घेऊन सर्वांनी अमक्यालाच द्यायचे असे ठरवणाऱ्या मंडळींचा हेतू वाईट असतो असे मी म्हणणार नाही. पण घटनेने मत दिले ते जमातीला नाही, नवऱ्यालाही नाही, ज्याचे नाव यादीत आहे त्याला किंवा तिला दिले आहे. माझे हे म्हणणे काहींना रुचणार नाही, हे मी जाणून आहे.

मोजणीत आधी टपाली मते घेतात, मग यंत्रे. प्रत्येक विधानसभा विभागातली पाच केंद्रे चिठ्ठी टाकून निवडतात आणि तेथल्या छापील चिठ्ठ्या यंत्राच्या आकड्याशी पडताळतात. सर्वांत जास्त मते ज्याला, तो विजयी. निम्म्याहून अधिक मते पाहिजेत असा नियम नाही. वर्गाच्या मॉनिटरचे पाहा. ६० मुले, तीन उमेदवार, मते २४, २० आणि १६. चोवीसवाला मॉनिटर होतो. छत्तीस मुलांना तो नको होता तरी होतो. या पद्धतीवर पुष्कळ वाद आहेत, पण ती आहे तोवर थोड्या मतांनी पारडे फिरते. २०२४ च्या लोकसभेला मुंबई वायव्य मतदारसंघाचा निकाल ४८ मतांनी लागला. वऱ्हाडाच्या एका एस. टी. त बसतील इतकी माणसे! त्याच वर्षी विधानसभेला मालेगाव मध्यमध्ये फरक १६२ मतांचा होता.

निकालानंतर विधानसभेत १४५ जणांचा पाठिंबा ज्याच्या मागे, त्याला राज्यपाल मुख्यमंत्री म्हणून बोलावतात. थेट मुख्यमंत्र्याला किंवा पंतप्रधानाला आपण मत देत नाही, फलकावर कोणाचेही मोठे चित्र असो. आमदार पुढे राज्यसभेवरचे राज्याचे १९ सदस्यही निवडतात.

राहिली विधान परिषद, आणि तिच्याबद्दल आपल्या समाजात जवळजवळ कोणी बोलत नाही. तिचे ७८ सदस्य. ३० आमदार निवडतात, २२ स्थानिक संस्था, १२ राज्यपाल नेमतात, ७ पदवीधर आणि ७ शिक्षक निवडतात. कोकण विभागाचा पदवीधर मतदारसंघ आहे आणि शिक्षकांचाही आहे. पदवी घेऊन तीन वर्षे झालेला कोणीही पदवीधर यात मतदार होऊ शकतो. तो कोणत्याही शाखेचा चालतो, आणि नोकरी करत असलाच पाहिजे असे नाही. पदवी घेऊन घरी संसार करणाऱ्या आपल्या मुलीसुद्धा त्यात आल्या. शिक्षकासाठी मागील सहा वर्षांत किमान तीन वर्षे माध्यमिक किंवा त्यावरच्या शाळा-महाविद्यालयात शिकवलेले असावे लागते. ही यादी वेगळी असते आणि प्रत्येक निवडणुकीच्या वेळी नव्याने तयार होते. गेल्या वेळचे नाव आपोआप पुढे येत नाही. पदवीधरासाठी अर्ज क्रमांक १८, शिक्षकासाठी १९, आणि पात्रतेची तारीख १ नोव्हेंबर. मतही येथे बटण दाबून नव्हे, तर १, २, ३ असे पसंतीचे आकडे घालून देतात. एकापुढे १ घातलाच पाहिजे, नाहीतर मत बाद होते.

या संस्थेतून शिकून गेलेले किती पदवीधर आज तालुक्यात आहेत, याची नोंद आमच्या कार्यालयातल्या रजिस्टरांत आहे. त्यांतले किती त्या यादीत आहेत ते पाहण्याचे काम माजी विद्यार्थ्यांनी अंगावर घ्यावे. अर्जासोबत पदवी प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत लागते, ती काढून ठेवावी.